अंजूचं वाचन

सुंदररावाच्या वावरात मेंढरं बसवून तिसरा दिवस होता आणि विहिरीवरून पहिली कुरबुर झाली होती. खत पाहिजे म्हणून हाच माणूस दोन कोस चालत येऊन धनगराला आवतण देतो, ‘बसा आमच्या रानात पाच-सहा दिवस, ज्वारी देतो’ म्हणतो. आणि धनगराच्या बायकोनं विहिरीत दुसरी घागर बुडवली की त्याच्या पोटात गोळा येतो.

"बाई, एक खेप म्हनलं हुतं मी!" सुंदरराव बांधावरून ओरडला.

योगितानं कमरेवरची भरली घागर काही उतरवली नाही. नुसती मान हलवली आणि चालू लागली. भांडून विहिरीचं पाणी वाढत नाही, हे ती बारा वर्षांत शिकली होती.

सिरसाळ्याच्या अलीकडचं हे रान. ज्वारी निघून महिना झालेला, काळ्या मातीला भेगा पडायला लागलेल्या, आणि फाल्गुनातलं ऊन नऊ वाजताच पाठीला चावत होतं. एका बाभळीला लागून त्यांचं पाल, पालापुढं तीन दगडांची चूल, पलीकडं जाळीची वाघर आणि वाघरीच्या आत कोकरं. मेंढरं एकंदर किती होती ते मात्र सांगता येणार नाही. साखराबाईचा, म्हणजे योगिताच्या सासूचा, नियमच होता तसा. मेंढरं मोजायची नाहीत, दिष्ट लागते. कमी-जास्त झालं तर तोंडं बघून कळतं.

अकराच्या सुमाराला शाळा भरायची. तोवर नवरा भागवत मेंढरं चारायला घेऊन गेलेला असायचा, भाकरी थापून झालेल्या असायच्या, कोकरांपुढं पाला पडलेला असायचा. मग योगिता पदराला हात पुसायची आणि बाभळीच्या बुंध्याला फळा टेकवायची. फळा म्हणजे बियाण्याच्या जाहिरातीचा पत्रा. तलवाड्याच्या एका दुकानदारानं तो उकिरड्यावर टाकला होता. भागवतनं उचलून आणला, कडा दगडानं ठोकून बोथट केल्या, पाठीमागून काळा रंग मारला. बिऱ्हाड हलताना घोड्यावर भांड्यांच्याही आधी तो फळा बांधायचा. "भांडं चेपलं तर दुसरं घेता येतंय," म्हणायचा. अशा नवऱ्याची कुणाला शंका यावी?

विद्यार्थी दोनच. दहा वर्षांची अंजू आणि सहा वर्षांचा म्हाळू. म्हाळूचं आणि गणिताचं काही केल्या जमत नव्हतं. योगितानं एकदा विचारलं होतं, "आठ कोकरं हुती, तीन लांडग्यानं नेली, किती ऱ्हायली?" म्हाळूचे डोळे भरून आले. "कंची तीन? आपली चांदी बी नेली का?" असं म्हणत तो वाघरीकडं पळाला. साखराबाई पालातून ओरडली, "असली गणितं घालू नगंस लेकराला! बोलाफुलाला गाठ पडती." तेव्हापासून गणितात लांडगा आला नाही. कांदे आले. कांदे कितीही नेले तरी म्हाळूला वाईट वाटत नसे.

अंजूची गोष्ट वेगळी होती. ती पाचवीत होती आणि योगिताचा सगळा जीव तिच्या पुस्तकात अडकला होता.

स्वतः योगिता दहावी पास. एकाहत्तर टक्के. निकाल लागला त्या दिवशी ती सासरी कोकरांना पाला टाकत होती, आणि निकाल सांगायला कुणी आलंच नाही. आठ दिवसांनी माहेरचा एक पाहुणा सुपारी कातरता कातरता सहज बोलून गेला. तेव्हा ती उठून पाण्याला गेली होती, आणि विहिरीवर एकटीच हसली होती, एकटीच रडली होती. लेकीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं मात्र तिनं त्या विहिरीवरच ठरवून टाकलं. लेक तेव्हा पोटातही नव्हती.

त्यांची वस्ती वडवणीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागायची ती मृगापर्यंत. पोरांना ठेवायचं कुणाजवळ? साखराबाईसुद्धा काठी टेकत मेंढरांमागंच. पहिलीत असताना अंजूला एका पाहुण्याकडं ठेवून पाहिलं. दीड महिन्यात पोर तापानं वाळून गेली, भागवत तिला पाठकुळी घेऊन परत आला. मग वस्तीवरच्या शाळेतले त्रिंबक गुरुजीच म्हणाले, "योगिता, तू दहावी शिकलेली. तूच शिकव. मी पटावर नाव ठेवतो, पुस्तकं देतो, परीक्षेला तेवढी आणून बसव." गुरुजींनी शब्द पाळला आणि योगितानंही. चार वर्षं झाली. अंजू दर वर्षी पहिली.

यंदा दसऱ्याआधी गुरुजींनी तिचा आणखी एक फॉर्म भरला होता. सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी निवासी शाळा. राहणं, खाणं, पुस्तकं सगळं तिकडंच. त्यासाठी एक परीक्षा. "तारीख आली की कळवतो," गुरुजी म्हणाले. घरात फोन एकच, तो भागवतच्या कोपरीच्या खिशात. त्याचाच नंबर दिला. त्या दिवशी परत येताना योगिता आनंदाच्या भरात नवऱ्याला म्हणाली होती, "अंजी शाळंत गेली की मी म्हाळूला घिऊन वस्तीवरच ऱ्हाते. त्याला बी खऱ्या शाळंत घालू."

भागवत "हूं" म्हणाला होता. तो मुळात कमी बोलणारा. त्या "हूं"मध्ये काय काय होतं, ते शोधायचं तिच्या मनात आलं नाही.

तेव्हापासून ती विचारायची. तलवाड्याकडं असताना, पौषातल्या थंडीत, दर दोन दिवसांनी विचारायची, "आलता का वो गुरुजीचा फोन?"

"न्हाई की."

माघ लागला तेव्हा भागवतच एकदा म्हणाला, "परीक्षा पुढं ढकलली म्हनं. बाजारात बोलत हुते लोक."

बरं झालं, असं तिला वाटलं. अभ्यासाला आणखी दिवस मिळाले. ती जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसली. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं. अंजू मान खाली घालून सगळं सोडवायची. हल्ली फार बोलत नव्हती, पण पोरी मोठ्या होताना गप्प होतातच.

त्या दिवशी विहिरीवरचा राग घेऊन सुंदरराव पालापर्यंत आला आणि फळा बघून थबकला. भागवतही तेवढ्यात लंगडणारी एक मेंढी खांद्यावर घेऊन परतला होता. तिच्या खुरात बाभळीचा काटा मोडला होता.

"हे काय काढलंय?" सुंदररावानं विचारलं.

"शाळा हाय," म्हाळू म्हणाला.

सुंदरराव हसला. मग खिशातून घडी घातलेला पेपर काढून त्यानं अंजूपुढं धरला. "वाच बरं." मेंढरामागच्या पोरीची गंमत बघावी, एवढाच त्याचा हेतू. अंजूनं पेपर घेतला. उसाच्या वाहतुकीनं रस्त्याची चाळण झाली अशी काहीतरी बातमी होती. तिच्यात ‘दुरुस्तीबाबत’, ‘संबंधितांनी’ असले शब्द होते. पोरीनं ती बातमी पाण्यासारखी वाचली. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण, अगदी योगितानं शिकवल्याप्रमाणं.

सुंदररावानं पेपर परत घेतला, घडी घातली. "आमच्या नातवाला न्यायाला दाराम्होरं गाडी येती. त्याला असं वाचता येईना," तो म्हणाला. आणि जाता जाता, विहिरीकडं न बघता, "पाणी लागलं तर न्या अजून एखादी खेप."

भागवतनं मेंढी खाली ठेवली. तोंडभर हसला. साखराबाईला दोनदा सांगितलं, "आये, घोटाळली बी न्हाई गं पोरगी." तो हसताना योगिताला तो फार आवडायचा.

"परीक्षा हू द्या, मंग बगा," ती म्हणाली.

भागवत मेंढीच्या खुराकडं वळला. अंजू खडू शोधायला खाली वाकली. खडू तिच्या हातातच होता, पण ते योगिताच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याचा बाजार. शाळेला सुट्टी देऊन योगिता एकटीच गेली. मीठ, तेल, घोड्याच्या पाठीवरच्या जखमेला हळद आणि अंजूसाठी रेघांची वही. वही तिनं पिशवीत सगळ्यांत वर ठेवली, हळदीचा डाग लागायला नको म्हणून. ती भाजीच्या ओळीतून बाहेर पडत होती तेवढ्यात पाठीमागून हाक आली.

"योगिता! अगं ये योगिता!"

वस्तीवरच्या विमलबाई होत्या. त्यांची बहीण सिरसाळ्यात दिलेली. बरोबर त्यांची करिष्मा, अंजूच्या वर्गातली. करिष्माच्या पायात नवे सँडल आणि हातात पेढ्यांचा पुडा.

"घे, तोंड गोड कर," विमलबाईंनी पेढा थेट तिच्या तोंडातच कोंबला. "आमची करी लागली निवासी शाळंला. परवा निकाल आला."

योगिताच्या तोंडात पेढा तसाच राहिला. "कंचा निकाल?"

"कंचा म्हंजी? परीक्षा न्हवती का वडवणीला? पौषात." विमलबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "मीच तुला इचारनार हुते. तुमच्या अंजीला कावून आनलं न्हाई? आजारी बिजारी हुती का? गुरुजी बिचारे तिचा कागद हातात धरून गेटावर उभे हुते. घंटा झाली तरी हलनात. म्हनले, येईल, तिची माय आनल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

बाजार चालूच होता. कुणीतरी मिरच्यांचा भाव पुकारत होतं. योगितानं पेढा गिळला.

"आक्का, गुरुजीला फोन लावा की जरा."

विमलबाईंनी लावून दिला. गुरुजींचा आवाज आधी तुटक होता, रागावलेला. "कोण, योगिता? आता आठवण झाली का, बाई?"

"गुरुजी, आमाला काईच कळलं न्हाई वो. परीक्षा पुढं गेली म्हनले."

"कोण म्हणालं पुढं गेली?" गुरुजींनी विचारलं. "मी भागवतच्या फोनवर सगळं पाठवलं होतं. तारीख, वेळ, प्रवेशपत्राचा फोटो. आठ दिवस आधी. फोनही लावले, तर बंद. पण मेसेज वाचलेला आहे. दोन निळ्या खुणा आल्यात, माझ्याकडं अजून दिसतात."

"पुना बसता येईल का? पुढच्या साली?"

"नाही. पाचवीत असताना एकदाच बसता येतं." गुरुजींचा राग आता गेला होता आणि ते जास्त वाईट होतं. "योगिता, ती पहिल्या पाचात आली असती गं."

योगितानं फोन विमलबाईंच्या हातात दिला. करिष्माच्या डोक्यावरून हात फिरवला, "लई शीक बाय," म्हणाली. तेवढं तिला जमलं.

परतीची वाट दीड तासाची. डोक्यावर मिठाची गोणी, काखेत तेलाचा डबा, हातात पिशवी, आणि सडकेवरचा फुफाटा चपलेतून आत येत होता. चालता चालता ती नवऱ्याची वकिली करत होती. त्याला वाचता कुठं येतं? सहीपुरतं नाव शिकवलं होतं तिनं, तेही ‘भा’ लिहून झाल्यावर थांबून विचार करायचा. चुकून बोट लागलं असेल, मेसेज उघडला असेल, आणि निळ्या खुणा झाल्या असतील. असं होतं. पण मग ‘पुढं ढकलली’ कुठून आलं? बाजारातली माणसं पोरींच्या परीक्षेवर बोलतात का कधी? कुणीतरी त्याला वाचून दाखवलं असेल. तलवाड्याचा दुकानदार? चहावाला? ज्याच्या रानात बसलो होतो तो मालक? जेवढी म्हणून वाचता येणारी माणसं त्या मुक्कामात भेटली होती, तेवढी सगळी तिनं एकेक करून आठवली. कुठलं एक नाव राहिलं, हे मात्र तिला समजलं नाही.

ओढा उतरताना तिला एकदम आठवलं, परीक्षा होऊन गेल्यावर आपण दोन महिने तिचा अभ्यास घेत होतो. आरशातल्या आकृत्या. उताऱ्यावरचे प्रश्न. तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणीतरी आपल्याला येड्यात काढलं आणि आपण खडू झिजवत बसलो, अशी लाज.

ती पालावर पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. थोड्याच वेळात धूळ उडवत मेंढरं आली. कोकरांचा एकच कालवा उठला. जे ते कोकरू आपल्या आईकडं धावू लागलं. हे अर्धा-पाऊण तासाचं काम, आणि त्यात भांडणाला जागा नसते. योगितानं दोन नवी कोकरं धरून त्यांच्या आयांच्या कासेला लावली. एक मेंढी लाथ मारत होती, तिचा पाय दाबून धरला. वाघर ओढून बांधली. घोड्याच्या जखमेवर हळद लावली. मग तांब्याभर पाणी नेऊन भागवतपुढं ठेवलं. तो चुलीजवळ बसून सुईनं तळपायातला काटा काढत होता.

"करिष्मा पास झाली," ती म्हणाली. "निवासी शाळंला."

सुई थांबली. पण भागवतनं वर पाहिलं नाही.

"परीक्षा पौषातच झाली. गुरुजींनी तुमच्या फोनावर धाडलं हुतं."

"रेंज कुठं हुती तवा?"

"वाचलेलं दिसतंय त्यानला. निळ्या खुना हायत्या."

"मला वाचता येतंय का? काय बी बोलतीस." आता त्याचा आवाज चढला. "बोट लागलं आसंल चुकून."

"मंग पुढं ढकलली म्हनून कुनी सांगितलं?"

"सांगितलं कुनीतरी. आता कुनाचं नाव ध्यानात ठेवू?"

म्हाळू आजीच्या कुशीत सरकला. अंजू पालाच्या दोरीपाशी उभी होती. योगिता उठली, देवाच्या दुरडीतून बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी काढली आणि हळदीची मूठ एका पानावर ओतून नवऱ्यापुढं ठेवली. या घरात बायका भंडारा पुढं ठेवत नसत. पुरुषांच्या भांडणात, पंचांसमोर, ठेवला जायचा तो. ज्यानं खोटा उचलला त्याचा कळप बसतो, मेंढरं पटापट मरतात, असं लहान पोरगंही जाणून होतं.

"योगे, डोकं फिरलं का तुजं?" साखराबाई काठी घेऊन उठली. "आपलेच दात अन् आपलेच ओठ. उचल ते, ठिव दुरडीत!"

"आत्या, तुमी मधी पडू नगा." योगिताचा आवाज तिलाच ओळखू येईना. "उचला. म्हना, मला ठाव नव्हतं. तुमी उचलला की माजा इस्वास बसला. पुना एक शबुद काडनार न्हाई."

भागवत भंडाऱ्याकडं बघत राहिला. कपाळावर घाम आला होता. मग वाघरीकडं त्याची नजर गेली, तिथं कोकरं शांत होत होती. योगिताला वाटलं, आता हा मान खाली घालील. पण भागवतनं हात पुढं केला. 

"बापू, नगा उचलू!"

अंजू मधे आली. तिनं बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"नगा उचलू बापू, मेंढरं मरतील! मीच वाचला हुता, माय. मीच वाचून दावला बापूला."

 चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं. योगिता खालीच बसली. बाजारातून येताना तिनं जगभरची माणसं तपासली होती, आणि तिच्याखेरीज घरातलं एकुलतं एक वाचणारं माणूस तिच्या मनातही आलं नव्हतं. वाचणारं माणूस तिनं स्वतः, चार वर्षं, या बाभळी-लिंबांखाली घडवलं होतं.

"तुमी दोगांनी," ती म्हणाली.  "दोगांनी मिळून?"

"पोरीला काय बोलू नगंस," भागवत म्हणाला. त्याचा आवाज आता पार बसला होता. "मीच सांगितलं तिला, मायला सांगू नगं म्हनून. काय करू मंग? ती गेली की तू म्हाळूला घिऊन वस्तीवर ऱ्हानार. तूच म्हनलीस. आये म्हातारी झाली. बाईमानसाबिगर बिऱ्हाड चालतंय का? कोकरं कुनी बघायची, भाकरी कुनी थापायची? मेंढरं इकावी लागली असती. बापजाद्यापासूनचा कळप हाय ह्यो. मला दुसरं काय येतंय, सांग."

"मला बोलायचं तरी. माज्याशी भांडायचं. म्हनायचं, न्हाई पाठवनार. मी तुमच्या पाया पडले असते, रडले असते, पन मला ठाव तर असतं." तिनं फळ्याकडं बोट केलं. "दोन महिने तुमच्या डोळ्यादेखत मी तिला शिकवत हुते. तुमी कसं बगत हुतात वो?"

भागवतनं भंडाऱ्याचं पान उचलून आईच्या हातात दिलं, आणि साखराबाईनं ते गुपचूप दुरडीत नेऊन ठेवलं. तिचंही तोंड उतरलं होतं. तिला आधीपासून ठाऊक होतं की नाही, ते विचारायची ताकद योगितात उरली नाही.

अंजू तशीच उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

"तू गं?" योगिता म्हणाली. "तुला जायाचं नव्हतं का?"

"जायाचं हुतं."

"मंग कावून?"

"बापू रडले," अंजू म्हणाली. "म्हनले, चांदी बी जाईल, समदी जातील खाटकाकडं." ती पुढं बोलली, "अन् मला वाटलं, तू बी रडशील. म्हनून अभ्यास करत ऱ्हायले. तू लई खुशीत शिकवायचीस."

त्या शेवटच्या वाक्यानं योगिताच्या काळजाला जे लागलं ते नवऱ्याच्या कशानंच लागलं नव्हतं. नवऱ्यानं फसवलं, त्याला निदान कारण होतं, स्वार्थ होता, भीती होती. या पोरीनं मायेपोटी फसवलं, आणि तिच्यावर रागसुद्धा धड धरता येत नव्हता. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा.

पिशवीतून रेघांची वही अर्धी बाहेर आली होती. योगितानं ती आत ढकलली.

"फोन कुठाय?"

"त्यो मेसेज खोडून टाकलाय," भागवत पुटपुटला.

"मला पाठ हाय," अंजू म्हणाली.

योगितानं लेकीकडं पाहिलं. तिला ऐकायचं नव्हतं, आणि ऐकल्यावाचून राहवणारही नव्हतं. "म्हन," ती म्हणाली.

अंजू सरळ उभी राहिली. पाय जुळवले. बोलण्यातली अंजू कुठंतरी गेली आणि वाचनातली अंजू पुढं आली. स्वच्छ, सावकाश आवाजात तिनं सुरुवात केली.

"नमस्कार भागवतराव. कुमारी अंजू हिची निवासी शाळेची प्रवेश परीक्षा येत्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, वडवणी येथे आहे. सोबत प्रवेशपत्र पाठवीत आहे. अर्धा तास आधी उपस्थित राहावे. ही परीक्षा एकदाच देता येते." इथं ती पूर्णविरामाला थांबली, पूर्ण श्वास घेतला. "अंजू नक्की निवडली जाईल, अशी माझी खात्री आहे. तिच्या आईला अवश्य सांगावे."

‘प्रवेशपत्र’ला ती अडखळली नाही. ‘उपस्थित’ला जीभ चाचरली नाही. ‘अवश्य’मधला ‘श्य’ असा नेमका उमटला की सुंदररावाच्या नातवाच्या मास्तरालाही नसता जमला. चार वर्षांत पहिल्यांदाच योगिताला वाटलं, पोरगी एखाद्या शब्दाला तरी अडायला पाहिजे होती.

वाचन संपलं. रोज धडा संपला की माय "बरोबर" म्हणायची आणि मगच अंजू खाली बसायची. ती हात बाजूला सोडून, मायच्या तोंडाकडं बघत, तशीच उभी राहिली.